भागीदार क्रमांक दोन

माझ्या हातून गेलेला कागद आजवर एकदाही परत आलेला नाही. फुशारकी मारायला आता तोंड राहिलं नाही, पण गोष्ट खरी आहे. नोंदणी कचेरीच्या समोर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी माझी दहा बाय आठची खोली आहे. बाहेर 'अर्जनवीस' अशी पाटी. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज, करारनामे आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देते. समोरचे कारकून माझा कागद वाचतसुद्धा नाहीत, थेट शिक्का मारतात.

त्यामुळे बर्फाच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने मासे पाळायचं काढलं, तेव्हा तो आधी माझ्याकडे आला. मोबाइलवर चार तळ्यांचे फोटो घेऊन आला होता. पूर्वी तिथे विटांसाठी माती काढायचे, तेच खड्डे आता पाण्याने भरले होते.

"ताई, बघ तरी. काय पाणी आहे!"

"जागा कुणाची?" मी विचारलं. "भाडेपट्टा किती वर्षांचा? पाणी घ्यायची परवानगी कोण देणार? घाण झालेलं पाणी सोडणार कुठे?"

"तू आधी मासे तरी बघ."

"मासे नंतर. कागद आधी."

हे माझं ठरलेलं वाक्य. तो हसला, कारण लहानपणी मी त्याला खेळायला सोडायच्या आधी गृहपाठाची वही बघायची. पुढचे तीन महिने मी त्याच्या धंद्याचा गृहपाठच केला. जमीनमालक अकरा महिन्यांचा करार करू म्हणत होता. तळ्याची माती धरायलाच एक वर्ष जातं हे त्याच्या गळी उतरवून मी बारा वर्षांचा पट्टा लिहून घेतला. सांडपाणी थेट कालव्यात जाऊ नये म्हणून गाळ बसायला वेगळा खड्डा दाखवला आणि त्याचा नकाशा जोडला. धाकट्याला घरखर्च आणि तळ्याचा खर्च एकाच खात्यातून करायचा होता. त्याला मी झाडला. "मासे खातील त्याचा हिशेब आणि तू खाशील त्याचा हिशेब एका वहीत बसत नाही," म्हटलं, आणि त्याला हाताला धरून बँकेत नेऊन दुसरं खातं उघडायला लावलं.

माशांचा विमाही मी उतरवला. रोग, पूर, विषबाधा, सगळी कलमं घातली. विमा कंपनीच्या माणसाने 'वीज गेल्यामुळे होणारी मरतूक' वगळली होती, ती भांडून आत घेतली. माशांचा विमा मी उतरवला. हे वाक्य मी नंतर मनातल्या मनात किती वेळा म्हटलं, त्याला गणती नाही.

मग एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे पाणकावळा.

धाकट्याने तळ्यावर ठेवलेला गडी; त्याला सगळे पाणकावळाच म्हणायचे. कधी कालव्यावर, कधी कुणाच्या विहिरीवर गाळ काढायला जायचा. दिवसभर पाण्यात असायचा आणि बाहेर आला की हात पसरून उन्हात उभा राहायचा, अगदी त्या पक्ष्यासारखा. तळ्यात पाणकावळा पाळणारा माणूस जगात तूच पहिला, असं मी धाकट्याला चिडवायची. पण माणूस कामाला वाघ होता. धाकट्याने एका तळ्यात थोडे मासे आधीच सोडून पाहिले होते; त्या पाण्याला हात लावून, वास घेऊन, आज माशांना खाद्य कमी टाका असं सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं.

एक जरी नोकर ठेवला तरी कामगार कचेरीत नोंदणी लागते. नोंदणी म्हणजे अपघाताचा विमा, आणि तळ्यावरच्या सगळ्या विजेच्या जोडण्यांची सरकारी तपासणी. तपासणीवाले तीन महिन्यांच्या आत फिरकत नाहीत. इकडे बँकेच्या बाईने बजावलं होतं की महिनाअखेर सगळे कागद पूर्ण नसतील तर कर्ज पुढच्या वर्षी. आणि ज्याच्याकडून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घ्यायची होती तो पाच तारखेनंतर एक दिवस थांबायला तयार नव्हता. धाकट्याच्या नाकी नऊ आले. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून त्याने डोळ्यांत पाणी आणलं.

कायद्याला पळवाट असते हे सगळ्यांनाच माहीत असतं. ती कितव्या पानावर असते हे मला माहीत होतं.

"तो नोकर नसला तर?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"भागीदार कर त्याला. शंभरातला एक हिस्सा दे. भांडवल काय, तर श्रम. दर शनिवारी तू देतोस तेवढेच पैसे दे, पण त्याला मजुरी म्हणायचं नाही, उचल म्हणायचं. नोकर नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर तपासणी नाही. मालकाने स्वतःच्या तळ्यात उतरावं की नाही हे विचारायला कुठलाही निरीक्षक येत नाही."

धाकट्याने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी घरी जाताना गुणगुणत होते.

सहीला पाणकावळा धुतलेला शर्ट घालून आला. केस ओले होते. त्याला वाचता यायचं, पण बोट ठेवून, सावकाश. बोट एका शब्दावर थांबलं.

"ताई, हा 'भागीदार क्रमांक दोन' म्हणजे मीच ना?"

"तूच."

"म्हणजे मासे माझे पण?"

"शंभरातला एक."

त्याने जरा विचार केला. "शंभरात एक माझा. बरं. पण कुठला?"

आम्ही तिघंही हसलो. झेरॉक्सवाला डोकावून काय झालं म्हणाला, त्यालाही सांगितलं. मग मी कलमं वाचून दाखवली. अपघात झाला तर भागीदाराला कसलीही भरपाई मागता येणार नाही, हेही वाचलं, त्याच वेगात, त्याच आवाजात. वाचून दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्याने जीभ दाताखाली धरून सही केली.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, आणि ती सवयीने झाली. दर शनिवारी धाकटा त्याला पैसे द्यायचा तेव्हा त्याची सही माझ्या जाड वहीत व्हायची. नव्या पानावर रकान्यांची नावं मी हाताने लिहिली: तारीख, दिवस, तास, आणि शेवटी 'मजुरी'. सव्वीस वर्षं हात तोच शब्द लिहीत आला होता. दस्तात मी उचल लिहिलं आणि वहीत मजुरी. माझ्या लक्षात आलं तेव्हा चार-पाच सह्या झाल्या होत्या. कोण बघतंय, म्हणून तसंच राहू दिलं.

भागीदार झाल्यावर पाणकावळा बदलला. आधी तो धाकट्याला शेठ म्हणायचा, आता "काय भागीदार!" म्हणायला लागला. तळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत एकच खुर्ची होती; त्याने कुठूनशी दुसरी आणली आणि तिच्यावर बसून चहा प्यायला लागला. रविवारी यायला लागला. सुट्टी घे म्हटलं तर म्हणायचा, "आपल्याच तळ्याला सुट्टी कसली?" वाढ बघायला जाळं टाकलं की त्यातला एक पुष्ट मासा उचलून "हा आमचा" म्हणायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. खाद्यवाल्याने ओलं पोतं दिलं तर त्याच्याशी भांडून परत करायचा. धाकटा मला म्हणाला, "ताई, तू मला मजूर नाही, भाऊ मिळवून दिलास." आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटत होतं.

तळ्यात हवा घालायला एरेटर असतात. पाण्यावर तरंगणारी चाकं, विजेवर फिरतात आणि पाणी उडवतात. पहाटे पाण्यातली हवा सगळ्यात कमी होते, मासे तोंड वर काढतात, तेव्हा ती चाकं थांबली तर अर्ध्या तासात तळं पांढरं होतं. आमच्या प्रत्येक तळ्यात चार चाकं, आणि चारांना मिळून बांधावर एकच बटण. चाकात शेवाळ किंवा दोरी अडकली की कुणाला तरी पाण्यात उतरून ती काढावी लागते. नोकर होता तेव्हा, त्या पहिल्या तळ्यावर, पाणकावळा आधी बटण बंद करायचा आणि मगच उतरायचा. धाकटा वरून ओरडायचा, अरे मासे मरतील! त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "तुमचे मासे पुष्कळ आहेत, शेठ. माझा जीव एकच आहे."

भागीदार झाल्यापासून त्याने बटण बंद करणं सोडलं. धाकट्याने ते पाहिलं होतं. तो मला हे नंतर म्हणाला, आधी नाही.

बोटुकली सोडून दोन महिने झाले होते. सकाळी सव्वासहाला धाकटा तळ्यावर पोचला तेव्हा तीन चाकं फिरत होती. चौथ्याजवळ पाणकावळा पाण्यात पालथा होता, हात पसरलेले. वायरीचं आवरण एका जागी सोललेलं निघालं. त्या दिवशी तळ्यातला एकही मासा मेला नाही.

मजूर असता तर त्याने बटण बंद केलं असतं. हा विचार मला पहिल्याच तासाला आला आणि त्यानंतर गेलाच नाही. शंभरातल्या एका हिश्शासाठी तो जिवावर उदार झाला, आणि तो हिस्सा मी त्याला माझ्या खोलीत बसून दिला होता.

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी धाकटा माझ्या घरी आला. तो चपलाही न काढता स्वयंपाकघरात आला.

"ती वही कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"उद्या नेणार आहेस?"

"नेणार आहे. 'मजुरी' लिहिलंय तिच्यात. त्याच्या सह्या आहेत. तो नोकर होता हे सिद्ध झालं की त्याच्या बायकोला भरपाई मिळेल. जन्मभर पुरेल एवढी."

"आणि देणार कोण? विमा नाही, नोंदणी नाही. म्हणजे माझ्या खिशातून. आणि खोटा दस्त केला म्हणून परवाना जाईल. मी आत जाईन, ताई." तो ओट्याला टेकला. "मीच कशाला, दस्त कुणी लिहिला? तुझी पाटी उतरेल. या वयात तुला कोण काम देणार? मी तिला उपाशी ठेवणार नाही. तुझी शपथ. मी बघेन तिचं."

"मी बघेन म्हणण्याला कागद लागत नाही," मी म्हणाले, "म्हणून तर सगळे म्हणतात."

तो रडत गेला. मी त्याच रात्री वही पिशवीत घातली. माझा निश्चय झाला होता, हे मी आजही सांगते. निश्चयाला काय, तो बसल्या जागी होतो.

चौकशीची खोली पहिल्या मजल्यावर होती. लोखंडी कपाट, काचेखाली जुनी कॅलेंडरं दाबलेलं टेबल, आणि सर्दी झालेला निरीक्षक. माणूस वाईट नव्हता. खोकल्याची गोळी चघळत त्याने दस्त दोनदा वाचला आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्याला वास आला होता. फक्त कुणीतरी तोंड उघडण्याची तो वाट बघत होता.

पाणकावळ्याची बायको माझ्या शेजारी बसली होती. एका निवासी शाळेत ती भांडी घासायची. तिने मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी धरली होती आणि पिशवीत दस्ताची प्रत, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेली.

"बाई," निरीक्षक म्हणाला, "तुमचे मालक तिथे कामाला होते ना?"

"कामाला नव्हते, साहेब. त्यांचंच होतं ते."

"नीट विचार करून सांगा. घाई नाही. कामाला होते म्हणालात तर तुमचाच फायदा आहे."

तिने मान ताठ केली. "फायद्यासाठी मी त्यांना मजूर म्हणू? जन्मभर लोकांचा गाळ काढला त्यांनी. शेवटी शेवटी चार दिवस स्वतःचं काही झालं होतं. हा बघा कागद. त्यांची सही आहे."

"दर आठवड्याला पैसे मिळायचे ना? मजुरी?"

"मजुरी नाही, साहेब," ती म्हणाली. "उचल."

तो शब्द माझा होता. नवऱ्याने घरी नेऊन तिला शिकवला होता, आणि ती तो जपून, न चुकता म्हणाली. मला भर खोलीत कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

निरीक्षकाने मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

पिशवी माझ्या पायाशी होती. वहीचा कोपरा कापडातून पोटरीला टोचत होता. मी वाकले असते तर दोन सेकंदांचं काम होतं. समोर धाकटा होता, त्याचे हात गुडघ्यांवर, नखं पांढरी पडलेली. मला माझी पाटी दिसली, कारकुनांचे चेहरे दिसले. आणि मला वाटलं, ही बाई स्वतःच नाही म्हणतेय, मग मी कोण हो म्हणणारी? इतकं सोयीचं वाटलं ते. मी वाकले नाही. घाबरले, दुसरं काही नाही.

"नाही," मी म्हणाले.

त्याने गोळी चावून गिळली आणि लिहिलं. मग टोपण लावत म्हणाला, "कुणाला नंतर काही पुरावा द्यावासा वाटला, तर मृत्यूच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्यानंतर फाइल बंद." हे तो तिला म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता.

जिन्यात तिने माझा दंड धरला. "ताई, मी बरोबर बोलले ना? शब्द कुठे चुकला नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं बरोबर बोललीस."

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. महिन्याभराने ती धाकट्याकडे गेली आणि नवऱ्याची जागा मला द्या म्हणाली. शाळेतलं काम तिने सोडलं होतं. धाकट्याने मोठ्या मनाने हो म्हटलं. दस्त लिहायला दोघं माझ्याकडेच आले, आणखी कुणाकडे जाणार? भागीदार क्रमांक दोन. भांडवल: श्रम. मीच लिहिला. एवढं मात्र केलं, की सही व्हायच्या आधी धाकट्याला विजेची गळती झाली की आपोआप प्रवाह तोडणारी पेटी चारही तळ्यांवर बसवायला लावली. चारांचं मिळून बिल दोन पोती खाद्याएवढं झालं.

अर्ज मी भरून ठेवला होता. अर्ज भरायला मला वीस मिनिटं लागतात. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, खाली माझी सही केली आणि तो टेबलाच्या खणात, शिक्क्याच्या पॅडखाली ठेवला. दर महिन्याला काढून बघायचे. पहिली काढणी होऊ दे म्हणायचे, धाकट्याच्या हातात पैसा येऊ दे, मग देऊ. मग काढणी लांबली. मग आणखी काही निघालं. लोकांच्या मुदती मी कधी चुकू दिल्या नाहीत. कॅलेंडरवर लाल खूण करून त्यांना फोन करते. या तारखेवरही लाल खूण होती.

तो दिवस काल होता. कचेरीची खिडकी पाचला बंद होते, आणि माझ्या खुर्चीतून ती समोर दिसते. दुपारपासून मी अर्ज बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. साडेचारला चष्मा लावला, उठले. तेवढ्यात ती दारात आली.

पायांना चिखल, पदर खोचलेला, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. वर्षभर पाण्यात राहून तिची बोटं त्याच्यासारखीच पांढरी, सुरकुतलेली झाली होती.

"ताई, काढणी सुरू झाली," ती म्हणाली. "पहिल्या जाळ्यातला आहे. शंभरातला एक आपला ना? तो तुम्हाला आणला." तिने गोणपाट उघडलं. हाताएवढा मासा होता, कल्ले अजून हलत होते. "ते असते तर त्यांनीही पहिला तुम्हालाच दिला असता. नेहमी म्हणायचे, ताईंनी आपल्याला माणसात आणलं."

ठेवायला जागा नव्हती. टेबलावर अर्ज होता. मी तो उचलून खणात टाकला आणि तिने मासा तिथे ठेवला. घड्याळात पावणेपाच झाले होते. रस्ता ओलांडायला एक मिनिट लागतं.

"बस ना," मी म्हणाले. "चहा मागवते."

ती बसली, नवऱ्याने सही केली होती त्याच खुर्चीत. मी तिला वजन किती भरलं विचारलं, भाव काय आला विचारलं, खाद्य कुठलं चालू आहे विचारलं. ती हौसेने सांगत होती. तिच्या खांद्यावरून मला समोरची खिडकी दिसत होती. शिपायाने आधी बाहेरचा बाक आत घेतला, मग हात वर करून शटर ओढलं. तिने आवाज ऐकून मागे वळून पाहिलं.

"तुमचं काही काम राहिलं का, ताई, माझ्यामुळे?"

"नाही गं," मी म्हणाले. "काही नव्हतं."